सोयाबीनची बीबीएफ पेरणी: दाणा मोजून, डिझेल मोजून

ट्रॅक्टरला तासाला किती डिझेल लागले, यावरून पेरणीचा हिशेब लागत नाही. हिशेब एकराला लावायचा. चार ओळींचे बीबीएफ यंत्र, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरणारे आणि बाजूला सरी पाडणारे यंत्र, धरा. एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत ते २.१ मीटर पट्टा पेरते. ताशी ४ किलोमीटर वेगाने ते न थांबता चालले, तर तासाला दोन एकरांहून थोडे जास्त पेरून होईल. पण वळणे, पेटी भरणे, बुजलेली नळी मोकळी करणे यांत वेळ जातो. एकूण वेळेतला ७० टक्के वेळ प्रत्यक्ष पेरणीत गेला, तर तासाला १.४५ एकर होते. निम्माच गेला तर जेमतेम एक एकर. ट्रॅक्टरला तासाला साडेतीन लिटर डिझेल लागते असे उदाहरणापुरते धरले, तर पहिल्या शेतात एकरी २.४ लिटर पडले आणि दुसऱ्यात सुमारे ३.४ लिटर. उभ्या इंजिनाला डिझेल कमी लागते, म्हणून प्रत्यक्षातला फरक थोडा कमी भरेल, पण कल तोच राहील. ट्रॅक्टर तोच, चालकही तोच. वाचलेले लिटर इंजिनातून वाचत नाहीत, कामाच्या मांडणीतून वाचतात. आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर हा सगळा हिशेब दुप्पट होतो, बियाण्याचे पैसे वेगळेच.

म्हणून आधी दाणा नीट पडण्याची व्यवस्था, मग डिझेल.

कोणते यंत्र काय करते

साध्या ट्रॅक्टर तिफणीत, म्हणजे सीड ड्रिलमध्ये, खाचांचा रोलर फिरतो आणि बियाण्याची धार सोडतो. तो वजन सांभाळतो, दोन दाण्यांमधले अंतर सांभाळत नाही. बीबीएफ पेरणी यंत्रावर बहुधा तिरकस तबकडी असते. तबकडीच्या कडेच्या खाचेत दाणा बसतो, वर जातो आणि नळीत पडतो. हवेच्या ओढीवर चालणारे न्यूमॅटिक प्लँटर त्याहून अचूक असते. त्यात उभ्या तबकडीच्या भोकाला दाणा चिकटून येतो. मात्र त्याला पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, ब्लोअर चालवावा लागतो, किंमतही बरीच जास्त असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत सोयाबीनसाठी तिरकस तबकडीचे चार ओळींचे बीबीएफ आणि ३५ ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ही जोडी पुरेशी आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते, उघडीप पडली तर त्याच सरीत मुरलेली ओल कामी येते. सोयाबीनला दोन्हींची गरज पडते, कधी कधी एकाच हंगामात.

बीबीएफ नसेल तर सीड ड्रिलचा ठरावीक दाता बंद ठेवून पट्टापेर करता येते. सोडलेल्या ओळीत पुढे डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडायची.

किती बियाणे: किलोवरून नाही, दाण्यांवरून

‘एकरी एक बॅग’ हा हिशेब धोक्याचा आहे, कारण दाण्याचा आकार वाणागणिक बदलतो. घरी दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, उगवण तपासणी: शंभर दाणे ओल्या गोणपाटात किंवा कागदात गुंडाळून ठेवा, ओल टिकवा आणि सहा-सात दिवसांनी चांगले, सरळ कोंब मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण असावी लागते. दुसरी, शंभर दाण्यांचे वजन: सोनाराच्या काट्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तीन वेळा मोजून सरासरी काढा.

आता उदाहरण. ओळीत मीटरला १८ रोपे हवी आहेत. उगवण ८० टक्के आहे, आणि उगवू शकणाऱ्या दाण्यांपैकी ९० टक्के शेतात वर येतील असे धरू. ०.८० गुणिले ०.९० म्हणजे ०.७२. १८ भागिले ०.७२ म्हणजे मीटरला २५ दाणे, दर ४ सेंटिमीटरला एक. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल, तर मीटरला ३ ग्रॅम बियाणे पडले पाहिजे.

४५ सेंटिमीटर अंतराच्या सलग पेरणीत एकराला सुमारे ९,००० मीटर ओळ होते, म्हणजे २७ किलो. बीबीएफच्या २.१ मीटर पट्ट्यात चार ओळी बसतात, म्हणून एकराला सुमारे ७,७०० मीटर ओळ भरते, आणि बियाणे लागते २३ किलो. बीबीएफने बियाणे वाचते ते असे. ओळी कमी असतात, ओळीतली दाटी कमी केलेली नसते. हे लक्षात न घेता ‘बीबीएफ आहे ना’ म्हणून ओळीतले दाणेही कमी केले, की पीक विरळ होते. त्याच हिशेबाने शंभर दाण्यांचे वजन १५ ग्रॅम असेल तर मीटरला पावणेचार ग्रॅम लागतील. भरपूर फांद्या फुटणाऱ्या, पसरणाऱ्या वाणाला मात्र मीटरला रोपे कमी ठेवायची.

बीजप्रक्रिया क्रमाने करायची: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. प्रत्येक थरानंतर बियाणे सावलीत पूर्ण वाळवा. सोयाबीनचे साल पातळ असते. ओल्या हाताने चोळले, पोत्यावर घासले किंवा पोते उंचावरून आपटले, तर साल सुटते आणि दाणा वांझ जातो. ओलसर बियाणे पेटीत टाकले की खाचांत चिकटते. मग यंत्राची सगळी मांडणी बरोबर असूनही ओळीत खांडण्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात.

पेरणीआधी अंगणात यंत्र लावणे

अर्ध्या तासाचे काम आहे. पाऊस पडून वाफसा आला की धांदल असते, त्या दिवशी ते कोणी करत नाही. म्हणून मेअखेरीसच करावे.

यंत्र ट्रॅक्टरला जोडून, खाली घट्ट टेकू देऊन उचलून ठेवा, म्हणजे यंत्राचे चाक मोकळे फिरेल. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाकाभोवती दोरी गुंडाळून परीघ मोजा. समजा तो १.५ मीटर आला. चाकाला खडूची खूण करा, पेटीत निम्म्यापर्यंत प्रक्रिया केलेलेच बियाणे भरा आणि चारही नळ्यांना पिशव्या बांधा. आधी दोन-तीन फेरे वाया घालवा, म्हणजे खाचा भरतात. मग सावकाश, चालण्याच्या वेगाने ३० फेरे द्या. ३० फेरे म्हणजे ४५ मीटर. मीटरला ३ ग्रॅम, तर प्रत्येक पिशवीत १३५ ग्रॅम बियाणे यायला हवे.

चारही पिशव्या वेगवेगळ्या तोला. एकूण बेरीज बरोबर आणि ओळी मात्र असमान, असे पुष्कळदा निघते. एखाद्या ओळीत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तिची तबकडी काढून पाहा: खाच झिजली आहे, दाणा अडकून बसला आहे, किंवा जादा दाणे झाडणारा ब्रश वाकला आहे. चारही ओळींत सारखेच कमी पडत असेल, तर साखळीचे दातेरी चक्र बदला. तबकडीच्या शाफ्टवर २२ दात्यांऐवजी २० दात्यांचे चक्र बसवले तर बियाणे १० टक्के वाढते. पिशव्यांतले फुटके दाणेही वेचून पाहा. बियाण्यात आधी नव्हते आणि आता दिसतात, तर खाच दाण्याच्या मानाने लहान आहे. वाणाप्रमाणे तबकडी बदलावी लागते. एकाच तबकडीवर सगळे वाण पेरणे ही फार मोठी चूक आहे.

खताची पेटीही याच रीतीने तपासा. एकरी ५० किलो दाणेदार खत द्यायचे आहे असे धरा. ४५ मीटर लांब आणि २.१ मीटर रुंद म्हणजे ९४.५ चौरस मीटर, एकराचा सुमारे ४३ वा भाग. ३० फेऱ्यांत सगळ्या नळ्यांतून मिळून १,१७० ग्रॅमच्या आसपास खत पडले पाहिजे. भुकटी खत पेरणी यंत्रात घालू नका, दमट हवेत ते नळीच्या तोंडाशीच घट्ट होते. खत बियाण्याच्या बाजूला आणि दोन बोटे खाली पडावे. दोन्ही एकाच जागी पडली तर खताच्या क्षाराने कोंब जळतो.

शेतात: वाफसा, समपातळी, खोली

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली जुळल्याशिवाय पेरू नका. काळी माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाच्या धक्क्याने फुटला तर वाफसा आहे. बोटांना चिखल लागला तर थांबा. ओल्या जमिनीत फणाची कड जमिनीला घोटून गुळगुळीत करते, तास नीट झाकला जात नाही, आणि यंत्राच्या चाकावर मातीचा थर चढतो. थर चढलेले चाक जाड होते, तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेते आणि बियाणे कमी पडते. खरवडणी पट्टी चाकाजवळ आहे ना, हे बघून घ्या.

यंत्र जमिनीला टेकवून मागून आणि बाजूने पाहा. आडवी पातळी उजव्या लिफ्ट रॉडने जुळवा, पुढे-मागे टॉप लिंकने, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याने. टॉप लिंक आखूड राहिली तर पुढचे फण खोल रुततात आणि मागे माती झाकली जात नाही. बाजूच्या साखळ्या ताणून घ्या, नाहीतर यंत्र डोलते आणि ओळी नागमोडी होतात. लिफ्टचा ड्राफ्ट कंट्रोल पेरणीला वापरू नका. जमीन कडक लागली की तो यंत्र आपोआप उचलतो आणि दाणा वरवर पडतो. यंत्राला स्वतःची खोली ठरवणारी चाके असतील तर पोझिशनचा दांडा पूर्ण खाली सोडा, म्हणजे यंत्र जमिनीच्या चढउताराबरोबर चालेल.

खोली ३ ते ५ सेंटिमीटर. याबाबतीत सैलपणा चालत नाही. सोयाबीन आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येते. सात-आठ सेंटिमीटर खोल गेले आणि वर पावसाने पापडी धरली, तर कोंबाची मान मोडते. खोल पेरल्याने ओढही वाढते, म्हणजे जादा डिझेल जाळून उगवण घालवल्यासारखे होते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमागे येणाऱ्या ओळीची माती दबलेली असते, तिथे दाणा उथळ राहतो. त्या फणापुढे माती मोकळी करणारा एक दाता लावा, किंवा तो फण सेंटिमीटरभर खाली घ्या.

दहा-पंधरा मीटर पेरून थांबा. चारही ओळींत मीटरभर माती बोटाने हळूच बाजूला करा आणि दाणे मोजा. २५ च्या जागी २२ ते २८ निघाले तर पुढे चला. ४ सेंटिमीटरच्या हिशेबात दोन दाण्यांत ६ सेंटिमीटरहून जास्त अंतर म्हणजे खांडणी, आणि २ हून कमी म्हणजे जोडदाणा. खांडण्या वाढल्या तर वेग कमी करा, जोडदाणे वाढले तर ब्रश तपासा. शिवाय ४५ मीटर अंतर मोजून त्यात यंत्राचे चाक किती फिरले तेही मोजा. ३० ऐवजी २७ फेरे भरले तर भुसभुशीत मातीत चाक घसरत आहे आणि बियाणे १० टक्के कमी पडते आहे. चाकावरचा दाब वाढवा, नाही जमले तर चक्र बदलून भरपाई करा.

वेग आणि गिअर

ताशी ४ किलोमीटर वेगाला प्रत्येक ओळीत सेकंदाला २८ दाणे सुटायला हवेत. ६ किलोमीटरला ४२. तिरकस तबकडीच्या खाचेला तेवढ्या घाईत दाणा घ्यायला वेळच मिळत नाही, वर नळीत दाणा उसळतो. तेव्हा ३.५ ते ४.५ ही हद्द पाळा. वेग मोजायला २० मीटरवर दोन खुंट्या रोवा. १८ सेकंदांत अंतर कापले तर वेग ४ किलोमीटर आहे, १२ सेकंदांत कापले तर ६.

हाच वेग दोन प्रकारे मिळतो: खालचा गिअर आणि जास्त थ्रॉटल, किंवा वरचा गिअर आणि कमी थ्रॉटल. तिरकस तबकडीचे यंत्र जमिनीवरच्या चाकावर चालते, त्याला पीटीओ लागत नाही. म्हणून पीटीओ बंद, गिअर एक पायरी वर आणि इंजिन मिनिटाला १,४०० ते १,६०० फेऱ्यांवर ठेवा. पेरणीला पूर्ण ताकद लागत नसते, हलक्या कामात जोरात फिरणारे इंजिन स्वतःलाच फिरवण्यात डिझेल खर्च करते. गिअर जास्त चढला का, हे तपासायला चालत्या कामात थ्रॉटल थोडा वाढवून बघा. इंजिनाने लगेच उचल घेतली तर ठीक. काळा धूर ओकून जागच्या जागी घुसमटले तर एक गिअर खाली या.

न्यूमॅटिक प्लँटरला हे लागू नाही. त्याचा ब्लोअर पीटीओच्या ५४० फेऱ्यांवर बेतलेला असतो. थ्रॉटल उतरवला की ओढ कमी होते आणि भोके रिकामी फिरतात. तिथे वेग फक्त गिअरने जुळवा. ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ असेल तर तोच वापरा, त्यात इंजिन कमी फेऱ्यांवर राहून पीटीओला ५४० मिळतात. खांडण्या दिसल्या तर आधी हवेच्या पाइपाची गळती आणि बुजलेली भोके पाहा, मग ओढ वाढवा.

डिझेल कुठे जाते

पहिली जागा वळणाची. एक एकराचा २०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद तुकडा घ्या. लांबीने पेरले तर सुमारे १० फेरे आणि ९ वळणे. रुंदीने पेरले तर ९५ फेरे आणि ९४ वळणे. एका वळणाला २० सेकंद धरा: एकीकडे ३ मिनिटे, दुसरीकडे ३१. उतार असेल तर मात्र वळणांचा विचार मागे ठेवा. उताराला आडवीच पेरणी करा, वाहून गेलेली माती डिझेलपेक्षा महाग आहे. दोन्ही धुऱ्यांकडे यंत्राच्या तीन पट्ट्यांएवढी, म्हणजे सव्वासहा मीटर जागा वळायला सोडा आणि ती शेवटी पेरा.

बियाणे आणि खताच्या बॅगा वळणाच्या टोकाला आधीच मांडून ठेवा. पेटी तळाला जाईपर्यंत वाट पाहू नका. एक-तृतीयांश उरली की पुढच्या वळणावर भरा, कारण तळाशी आलेले बियाणे उतारावर एका बाजूला सरकते आणि दुसरी ओळ रिकामी जाते. भरायला तीन-चार मिनिटे लागणार असतील तर इंजिन बंद करा. उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन तासाला लिटरभर डिझेल सहज जाळते.

दुसरी जागा चाकाच्या घसरणीची. मागच्या टायरला खडूची खूण करा. यंत्र उचलून शेतातच दहा फेऱ्यांत किती अंतर कापले ते मोजा, मग पेरणी करताना दहा फेऱ्यांत किती ते मोजा. समजा आधी ४० मीटर आणि नंतर ३५ आले: ५ भागिले ४०, म्हणजे १२.५ टक्के घसरण. ८ ते १५ च्या दरम्यान असेल तर बरोबर. त्याहून जास्त असेल तर टायर गुळगुळीत झाले आहेत, हवा जास्त आहे किंवा जमीन ओली आहे. ८ च्या खाली असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे. नांगरणीसाठी टायरमध्ये भरलेले पाणी आणि मागची लोखंडी वजने पेरणीला लागत नाहीत, उलट त्यांनी जमीन दबते. पुढची वजने मात्र काढू नका, यंत्र उचलल्यावर ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन स्टिअरिंग सुटते. रस्त्यावरून आलेल्या टायरमध्ये हवा जास्त असते. शेतात मागच्या टायरला साधारण १२ ते १४ पौंड पुरते, तरी टायरवरचा तक्ता पाहून घ्या.

तिसरी जागा एअर क्लीनरची. जूनच्या पहिल्या पावसाआधी ट्रॅक्टर धुळीत राबलेला असतो. ऑइल बाथ फिल्टरमधले तेल चिखलासारखे झाले असेल तर पेरणीआधी बदला. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा कप रिकामा करा, पावसाळ्यात कॅनमधून डिझेलसोबत पाणीही येते.

खपत मोजायची असेल तर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, टाकी गळ्यापर्यंत भरा, फेस बसू द्या, पुन्हा भरा. मोजून एक एकर पेरा. त्याच जागी, त्याच दिशेने ट्रॅक्टर आणून उभा करा आणि मापाच्या भांड्याने टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरा. जेवढे डिझेल मावले ती एकरी खपत. वहीत तारीख, गिअर, थ्रॉटल आणि जमिनीची ओल लिहून ठेवली तर पुढच्या तुकड्यात काय बदलायचे ते कळते.

नळी बुजणे आणि इतर खोळंबे

पेरणीत सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे बुजलेली नळी, आणि ती बहुतेकदा चालकाच्या एका सवयीने बुजते. यंत्र जमिनीत असताना ट्रॅक्टर जरासा मागे घेतला की फणाच्या मागच्या तोंडात माती शिरते. तेव्हा ट्रॅक्टर पुढे चालू लागल्यावरच यंत्र खाली सोडा, आणि मागे घेण्याआधी पूर्ण उचला. खाली सोडल्यावर पहिला दाणा पडायला अर्धा-एक मीटर जातो, म्हणून धुऱ्याच्या खुणेआधीच सोडायचे. पेरणी चालू असताना मागे एक माणूस ठेवा. त्याने एकेका नळीत दाणा पडतो का पाहावे. पारदर्शक नळ्या असतील तर हे सोपे जाते. एक बुजलेली नळी २०० मीटर तशीच गेली तर पाच हजार दाणे जमिनीत पडलेलेच नसतात.

साखळी उतरत असेल तर ताण बघा, ओढताना मध्यभागी बोटभर हलावी. वळणावर यंत्र उचलल्यावरही चाक फिरत राहत असेल आणि बियाणे सांडत असेल, तर क्लच किंवा चाकाची कमान अडकली आहे.

संध्याकाळी खताची पेटी रिकामी करा, एक कणही ठेवू नका. खत रात्रीच्या दमटपणाने पाणी धरते आणि सकाळपर्यंत गज, रोलर, नळीचे तोंड सगळे जखडून टाकते. हंगाम संपला की पेटी धुऊन, उन्हात वाळवून, साखळीला आणि शाफ्टला जुने इंजिन ऑइल लावा, तबकड्या काढून सपाट ठेवा आणि प्रत्येकीवर कोणत्या वाणासाठी ती वापरली ते रंगाने लिहून ठेवा.